शेवटी फाटणारी तान आणि डावीकडे ओढलेला आवाज

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल, बऱ्याच वर्षांनी कपाटातून बाहेर काढली. जुनं कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा विजेचा संकेत करणारा भाग) गेलेलं होतं, म्हणून ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई घेतलं आणि व्हिडिओ बघत घरीच बसवलं. आता तक्रारी दोन. एक, आवाज सतत डाव्या स्पीकरकडे ओढल्यासारखा वाटतो. दोन, ख्यालाच्या एलपी सुरुवातीला सुरेख वाजतात, पण बाजू संपत आली की द्रुतातल्या ताना खरखरतात आणि 'स', 'श' अंगावर येतात. सुईवरचं वजन वाढवून पाहिलं, अँटीस्केटिंगची, म्हणजे आर्मची (सुई पेलणाऱ्या लांब दांड्याची) आतली ओढ रोखणारी, चकती दोन्ही बाजूंना फिरवून पाहिली, समाधान नाही. तर कार्ट्रिज नक्की कसं जुळवायचं?

टर्नटेबलं दुरुस्त करायचं आणि जुळवून द्यायचं काम मी पंचवीस वर्षं करतोय, आणि या दोन तक्रारी माझ्याकडे बहुतेक वेळा जोडीनेच येतात. माणूस समजतो की दोन्हींचं मूळ एकच, कार्ट्रिज वाकडं बसलंय. मग तो एकच स्क्रू सैल करून दोन्ही बरं करायला बघतो. माझा अनुभव सांगतो की पहिली तक्रार सहसा कार्ट्रिजच्या जुळवणीची नसतेच. दुसरी असते, पण तीही पूर्णपणे नाही. म्हणून आधी या दोघी वेगळ्या करू, आणि तोवर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा.

डावीकडच्या ओढीपासून सुरुवात. कार्ट्रिज दोन-तीन अंशांनी वाकडं बसलं तर आवाज खराब होतो, पण सगळ्या एलपीवर, पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत एकसारखा एका बाजूला झुकत नाही. तसा झुकत असेल तर दोष वाटेत कुठेतरी आहे, आणि तो शोधायला पाच मिनिटं पुरतात. ॲम्प्लिफायर बंद करा, टर्नटेबलकडून येणाऱ्या दोन वायरी फोनो इनपुटला आपापसात बदला, लाल तिथे पांढरी. तीच एलपी पुन्हा लावा. आवाज अजूनही डावीकडेच ओढला जात असेल तर टर्नटेबल निर्दोष आहे. ॲम्प, स्पीकर किंवा खोली बघा. खोली म्हणतोय ते गंमत म्हणून नाही. आपल्या दिवाणखान्यात एक स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कपाटाला चिकटून आणि दुसरा बाल्कनीच्या उघड्या दारापाशी, ही मांडणी मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता गेल्या गेल्या आधी तेच बघतो.

वायरी बदलल्यावर ओढ उजवीकडे गेली, तर दोष टर्नटेबलच्या बाजूला. आता वायरी पूर्ववत करा आणि हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाचं, कार्ट्रिज धरणारं सुटं डोकं), कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांवर, डावी-उजवी जोडी बदला. पांढरी म्हणजे डावा धन, निळी डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवी उजवा ऋण. हे काम करताना सुईचा भाग काढून डबीत ठेवा. व्हीएम९५ची सुई सुटी निघते, आणि वायरींच्या टोकांचे टॅग चिमट्यात धरताना हात निसटला तर नुकसान तिचंच होतं. बदलल्यावर ओढही बाजू बदलत असेल तर कार्ट्रिजमध्येच फरक आहे. बदलत नसेल तर वायर किंवा संपर्क. बंद कपाटातून निघालेल्या आर्मबाबतीत मी पैजेवर सांगेन की संपर्कच. हेडशेलच्या मागच्या चार पिना आणि आर्मच्या तोंडातल्या स्प्रिंगवरच्या चार पिना आपल्या पावसाळ्यांत काळ्या पडतात. पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, आणि लोक थोडे हिरमुसतात, कारण त्यांना काहीतरी मोठं निघेल असं वाटत असतं.

कार्ट्रिजमध्येच फरक निघाला तर? थोडा फरक असतोच. या किमतीच्या कार्ट्रिजमध्ये डाव्या-उजव्यात दीड-दोन डेसिबलपर्यंतचा फरक कारखानाही मान्य करतो. तेवढा असेल तर ॲम्पच्या बॅलन्सच्या बटणाने सरळ करा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र तपासायला स्टिरिओ एलपी घेऊ नका. आपल्याकडच्या कित्येक जुन्या स्टिरिओ मुद्रणांत तबला एकीकडे आणि हार्मोनियम किंवा सारंगी दुसरीकडे बसवलेली असते, मग कान फसतो. वडिलांच्या संग्रहातली मोनो एलपी काढा. एचएमव्हीच्या लेबलवर क्रमांकाआधी ईएएलपी असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो लावल्यावर गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मधे बसला पाहिजे. बसला, की ही तक्रार मिटली.

आता फाटणारी तान. हा खरा विषय आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई बाहेर असो की आत. पण बाहेरच्या खाचेत, मध्यापासून सुमारे १४६ मिमीवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच सरकते. लेबलजवळ, सुमारे ६० मिमीवर, तेवढ्याच वेळात फक्त २१ सेंटीमीटर. म्हणजे तोच 'सा', तोच 'श' आत अडीचपट दाटीवाटीने कोरलेला असतो. १० हजार हर्ट्झची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१ मायक्रॉन. तुमच्या सुईचं टोक लंबगोल आहे, एका अंगाने साधारण १८ मायक्रॉन आणि दुसऱ्या अंगाने ८. आत ते टोक गर्दीच्या लोकलमध्ये शिरल्यासारखं शिरतं. त्यातून सुई खाचेला जराशी तिरकी बसली असेल, तर तोच तिरकेपणा बाहेर खपून जातो आणि आत ऐकू येतो.

आणि आपल्या संगीताची पंचाईत अशी की सगळी गर्दी आतच असते. ख्यालाच्या एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं. बाहेरच्या प्रशस्त खाचांमध्ये आलाप, विलंबित, लांब श्वास. लेबलजवळच्या चिंचोळ्या गल्लीत द्रुत, ताना, तबल्याची आडवीतिडवी. सतारीची एलपी असेल तर 'झाला', म्हणजे शेवटचं अतिवेगवान वादन, नेमकं तिथेच. पॉपच्या एलपीत शेवटी एखादं हळू गाणं ठेवता येतं, राग असा उलटा ठेवता येत नाही. म्हणून जुळवणी करताना मी सरासरीचा विचार करत नाही. शेवटच्या पाच मिनिटांचा करतो.

हे जमवायचं कसं, तर त्यासाठी थोडी भूमिती. तबकडी कापताना कोरणी सरळ रेषेत मध्याकडे सरकते. आपला आर्म मात्र एका खिळ्याभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला तंतोतंत स्पर्शरेषेत फक्त दोन जागी येते, बाकी सगळीकडे थोडी चुकते. ती चूक कमी करायला सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पुढे जाईल अशी ठेवतात, तो ओव्हरहँग, आणि कार्ट्रिज आर्मच्या रेषेला कोनात बसवतात. त्या दोन बिनचूक जागा कुठे ठेवायच्या हे आपल्या हातात असतं. लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या गणिताने त्या ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात. इंटरनेटवरचे बहुतेक प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज जुळवायचे खुणांचे कागद) याच मापाचे. टेक्निक्सचं माप वेगळं आहे: आर्मच्या खिळ्यापासून मधल्या खिळ्यापर्यंत २१५ मिमी, आर्मच्या खिळ्यापासून सुईपर्यंत २३०, ओव्हरहँग १५, कोन २२ अंश. यावरून हिशेब केला तर बिनचूक जागा ५८.८ आणि ११३.५ मिमीवर पडतात. आतली जागा चक्क शेवटच्या खाचेच्याही पलीकडे, लेबलाच्या बाजूला.

लोक या मापाला नावं ठेवतात. मी कागदावर मांडून बघितलं. बेअरवाल्डच्या मापाने तुमच्या आर्मवर सुरुवातीला चूक सुमारे १.९ अंश आणि शेवटच्या खाचेत सुमारे ०.८. टेक्निक्सच्या मापाने सुरुवातीला २.६, पण शेवटी ०.२ च्याही आत. मधे दोघांतही सव्वा अंशाच्या आत. आता सांगा, विलंबितातल्या पहिल्या षड्जाला २.६ अंशांनी काय होणार आहे? तिथे खाच मोकळी आहे. ताना जिथे आहेत तिथे चूक जवळजवळ शून्यावर येत असेल तर मी तेच घेईन. शिवाय बेअरवाल्डसाठी कार्ट्रिज जवळजवळ ३ मिमी पुढे न्यावं लागतं आणि हेडशेलमध्ये दीडेक अंश वळवावं लागतं. काही हेडशेलांच्या खाचेत तेवढी जागाच नसते. जुनी पॉप-रॉक रेकॉर्डं जास्त ऐकणाऱ्याला मी कदाचित बेअरवाल्ड सुचवेन. ख्याल, सतार, सरोद ऐकणाऱ्याला टेक्निक्सचंच माप. हे माझं मत आहे, यावर वाद घालणारे भेटतील.

तर माप घ्यायचं असं. हेडशेलच्या मागच्या टोकाला जो रबरी वॉशर असतो, त्याच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी. टेक्निक्सबरोबर यासाठी छोटी प्लास्टिकची मापपट्टी येते. वडिलांनी ती जपून ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर स्टीलची पट्टी आणि भिंग. कार्ट्रिज हेडशेलमध्ये सरळ, कडा समांतर. व्हीएम९५ला एक सोय छान आहे, तिच्या अंगातच आटे आहेत, नट शोधत बसावं लागत नाही. स्क्रू दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. पिळून नका आवळू, अंग प्लास्टिकचं आहे.

तरीही एकदा टेक्निक्सच्याच मापाच्या प्रोट्रॅक्टरवर तपासा, पण कार्ट्रिजच्या अंगाकडे बघून नाही, सुईच्या दांडीकडे, म्हणजे टोक जिच्यावर बसलंय त्या बारीक नळीकडे बघून. स्वस्त कार्ट्रिजमध्ये दांडी अंगाला अर्धा-एक अंश तिरकी बसलेली सापडते. खाचेला अंग काय कळतं, दांडी कळते. समोरून बघा, डोळा अगदी त्या रेषेत आणा, मागून मोबाइलचा दिवा द्या. माझ्या चष्म्याचा नंबर वाढल्यापासून मी मोबाइलच्या कॅमेऱ्यानेच फोटो काढून मोठा करून बघतो. तुम्हीही तेच करा, लाज कसली.

प्रोट्रॅक्टर छापून घेणार असाल तर एक इशारा, स्वतः खाल्लेल्या फटक्यातून. एका गायिकेच्या घरची मशीन मी छापील कागदावर मन लावून जुळवून दिली. चार दिवसांनी त्यांचा फोन, "दादा, हे आधी बरं होतं हो." परत जाऊन कागदावर पट्टी ठेवली तर १०० मिमीची खुणेची रेघ ९७ भरली. झेरॉक्सच्या दुकानात पान कागदात बसवायला छोटं केलं होतं. १२०.९ चे ११७ झाले होते आणि मी त्यावर दीड तास डोळे फोडले होते. तेव्हापासून छापील कागद हातात आला की आधी पट्टी, मग बाकीचं.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, जी मी आधी सांगायला हवी होती: मशीन सपाट हवी. गवंड्याची पाणसळ प्लॅटरवर ठेवा, आडवी आणि उभी. टेक्निक्सचे पाय फिरवून वरखाली होतात. टेबल हलणारं असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

आता वजन. तुमच्या कार्ट्रिजला कारखान्याने १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलंय, २.० वर ठेवा. तुम्ही लिहिलंय की "रेकॉर्ड झिजू नये म्हणून" आधी दीड ग्रॅम ठेवलं होतं. ही समजूत फार रुजलेली आहे आणि ती उलटी आहे. सुई हलकी असली की जोरदार तानेला ती खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आपटते. ते आपटणं म्हणजेच तुम्हाला ऐकू येणारी खरखर, आणि खाच त्यानेच झिजते. दोन ग्रॅमवर भिंतीला चिकटून चालणारी सुई दीड ग्रॅमवर उड्या मारणाऱ्या सुईपेक्षा कमी नुकसान करते.

वजन ठेवताना अँटीस्केटिंग शून्यावर न्या, सुईचं झाकण काढा, मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू द्या. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि वजनासकट दोनपर्यंत फिरवा. त्यावर पूर्ण विश्वास नको, छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या. सोनारकामाचा खिशातला काटाही चालतो, पण दोन अटी: त्याचं ताट लोखंडी नको, कारण कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला खेचतं आणि आकडा खोटा येतो. आणि मोजताना सुई तबकडीच्याच उंचीवर हवी. काटा प्लॅटरवर ठेवलात तर सुई उंच जाते आणि आकडा बदलतो. आणखी एक, कार्ट्रिज मागेपुढे सरकवलं की वजन बदलतं. म्हणून ओव्हरहँग ठरल्यावर वजन पुन्हा मोजा. हे विसरणारे पुष्कळ, मीही विसरलोय.

आर्मच्या उंचीबद्दल इतकं लिहिलं जातं की नवा माणूस घाबरतो. सुई तबकडीवर असताना आर्मची नळी बाजूने बघा, तबकडीला समांतर दिसली पाहिजे. टेक्निक्सला पायथ्याशी रिंग आहे, कुलूप सोडून फिरवली की आर्म वरखाली होतो. एवढ्या लांबीच्या आर्मवर सुईचा कोन एक अंश बदलायला मागची उंची सुमारे ४ मिमी बदलावी लागते. मग अर्ध्या मिमीवरून रात्र काय जागवायची? समांतर करा आणि पुढे चला. एवढं मात्र खरं की शेपटी फार वर असेल तर आवाज टोकदार होतो, तुमचे 'स' अंगावर येतात त्यात तेही असू शकतं. म्हणून बघा जरूर.

समोरून बघताना सुई उभी हवी. यासाठी दाढीचा छोटा आरसा प्लॅटरवर ठेवा, मोटर बंद, आणि सुई अलगद त्यावर टेकवा. सुई आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सरळ रेघ दिसली पाहिजे, मोडलेली नाही. हेडशेल थोडं फिरलेलं असेल तर कॉलर सैल करून सरळ करा. हा उभेपणा बिघडला की डाव्याचं उजव्यात मिसळतं, चित्र पसरट होतं. माझ्या कानाला याची पहिली खूण तानपुऱ्यात मिळते. सुई उभी असेल तर तानपुऱ्याची जवारी गायकामागे एक पडदा धरल्यासारखी राहते. नसेल तर ती गायकाच्या गळ्यात अडकते. हे मोजून दाखवता येणार नाही, पण एकदा ऐकलं की विसरत नाही.

ज्यांच्या ॲम्पला मोनोचं बटण आहे त्यांच्यासाठी एक युक्ती. हेडशेलमध्ये लाल आणि हिरवी आपापसात बदला, म्हणजे उजवा उलटा होतो. मोनो एलपी लावून मोनोचं बटण दाबा. डावा आणि उजवा एकमेकांना खातात आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हेडशेल केसभर इकडे-तिकडे फिरवत सगळ्यात कमी गाणं जिथे ऐकू येईल, ती तुमची उभी जागा. काही कार्ट्रिजमध्ये हिरवी पिन बाहेरच्या धातूला जोडलेली असते, तेव्हा गुणगुण येते. घाबरू नका, काम झालं की वायरी पूर्ववत करा. विसरलात तर खर्ज गायब होईल आणि गायक डोक्यामागून गातोय असं वाटेल.

उरलं अँटीस्केटिंग, म्हणजे तुम्ही सगळ्यात आधी फिरवलेली चकती. ती सगळ्यात शेवटी फिरवायची असते. खाचेतल्या घर्षणामुळे आणि कार्ट्रिजच्या कोनामुळे आर्म सतत आत ओढला जातो. सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. स्टिरिओ खाचेत आतली भिंत डावी, बाहेरची उजवी. म्हणून ज्या तानेला खरखर होते ती ऐका. फक्त उजवीकडून फाटत असेल तर अँटीस्केटिंग वाढवा, फक्त डावीकडून तर कमी करा. दोन्हीकडून सारखंच फाटत असेल तर या चकतीचा तिथे काही संबंध नाही, हात काढून घ्या. सुरुवात वजनाच्या आकड्याइतकी करा, दोन. मी स्वतः बहुतेक वेळा दीडपर्यंत खाली येतो. खाच नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर सुई सोडून आर्म सरकतो का ते बघायची पद्धत दाखवतात. खाचेतलं घर्षण आणि गुळगुळीत पत्र्यावरचं घर्षण एक नव्हे, मी ती पद्धत सोडून दिली. आणि डावा-उजवा आवाज समतोल करायला ही चकती कधीच वापरू नका. एका गृहस्थांनी उजवा आवाज 'वाढवायला' ती पूर्ण टोकाला नेऊन वर्षभर एलपी वाजवल्या होत्या. उजवा आवाज वाढला नव्हता, सुई मात्र एका अंगाने झिजली होती. दोष हेडशेलच्या काळ्या पिनेत होता.

दुसरी तक्रार जुळवणीची असते पण 'पूर्णपणे नाही', असं सुरुवातीला म्हटलं, आता त्यावर येतो. हे सगळं बरोबर करूनही वडिलांच्या काही एलपी शेवटी फाटतीलच. त्यातल्या कित्येक त्यांनी टेक्निक्स घ्यायच्या आधी वाजवलेल्या असणार, सूटकेससारख्या उचलायच्या प्लेयरवर, सिरॅमिक कार्ट्रिजच्या जड, कदाचित झिजलेल्या सुईने. खाचेच्या भिंतीतून जे खरवडलं गेलं ते जुळवणीने परत येत नाही. ओळखायचं कसं? नवीन छापलेली किंवा खात्रीने कमी वाजलेली एक एलपी आणा. तिचा शेवट स्वच्छ वाजला आणि जुन्यांचा नाही, तर जुळवणी झालेली आहे, थांबा. इथे थांबता न येणारे लोक मी पाहिलेत, झिजलेल्या एका एलपीवर सहा महिने स्क्रू फिरवणारे.

जुन्या एलपी आधी धुऊनही बघा. कपाटात राहिलेल्या एलपीवर पावसाळी बुरशीचे पांढरट ठिपके असतात आणि ते आतल्या खाचांत खरखरीसारखेच ऐकू येतात. डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, आणि नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल ओलं करू नका.

हे सगळं करूनही नव्या एलपीवर शेवटचे 'स' टोचत असतील, तर मर्यादा सुईच्या टोकाची आहे. तुमच्या कार्ट्रिजच्या त्याच अंगावर मायक्रोलाइन किंवा शिबाटा टोकाची सुई बसते, व्हीएमएन९५एमएल आणि व्हीएमएन९५एसएच. ही टोकं खाचेला अरुंद पात्यासारखी भिडतात, आतली दाटी त्यांना सोसते, आणि कधी कधी जुन्या सुईने झिजवलेल्या पट्ट्याच्या वर किंवा खाली न झिजलेली भिंत सापडून मेलेली एलपी जिवंत होते. पण ही सुई वाकड्या जुळवणीला लंबगोलापेक्षा जास्त रुसते. म्हणून आधी आहे त्याच सुईवर हात बसवा, मग पैसे घाला.

एक छोटी गोष्ट: फोनो इनपुट ४७ किलोओहमचा असतोच, पण वायर आणि ॲम्प मिळून येणारं कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड हवं. जुन्या मशीनला कुणी तीन मीटरची स्वस्त वायर डकवली असेल तर वरचे सूर चिरके होतात. मीटरभर चांगली वायर पुरते.

ऐकून तपासताना मी काय लावतो, तेही सांगतो. आधी हार्मोनियमचा लांब धरलेला सूर. तो थरथरला तर कान द्या: थरथर दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो तबकडीचा एक फेरा आहे, म्हणजे मधलं भोक केंद्रात नाही, कार्ट्रिजला दोष देऊ नका. मग एखादी स्त्री-आवाजाची मोनो एलपी, गायिका मधे बसते का आणि 'स', 'श' शब्दातच राहतात का ते बघायला. मग दोन्ही बाजूंची शेवटची पाच मिनिटं, आधी नवीन तबकडीची आणि मग जुन्यांची. कमी आवाजात ऐका. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं.

तुमच्या फोटोत मागे एलपीशेजारी कापडी पिशव्यांत जाड तबकड्या दिसतायत, त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या असाव्यात. एमके२वर ७८ चा वेग नाही, आणि असता तरी त्यांना ही सुई लावू नका. त्यांची खाच रुंद असते, सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची सुई तिथे तळाशी घसरते, कचरा वाजवते आणि स्वतः खराब होते. व्हीएमएन९५एसपी नावाची सुई तुमच्या याच अंगावर बसते, पण तिला पाचेक ग्रॅम वजन लागतं आणि ७८ चा वेग असलेली मशीन. तोवर त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका, खालच्या तडकतात.